धवला अर्धा सोडत नाहीत

“तुमच्या कागदावर भीती किती उतरली याचा रकाना आहे, साहेब. पेशंट काय सांगत होता, त्याचा नाही. तुम्ही माणसांना शांत करत नाही, गप्प करता.”

रीमाने तक्ता टेबलावर आपटला. साहेबांनी तो सरळ केला. योजना त्यांचीच होती. ऑपरेशनआधी पेशंटला गाणी ऐकवायची, भिंतींवर चित्रं रंगवायची, आधीची आणि नंतरची नाडी लिहायची. मीरा रोडला गाण्याचे क्लास घेणाऱ्या रीमाला त्यांनीच भाईंदरच्या या इस्पितळात बोलावलं होतं.

“मॅडम, हौसाबाई वाचल्या ना? पहिल्याच सुईला श्वास कोंडला, तीन दिवस आयसीयू झालं, काल वॉर्डात आल्या. त्या सुईची रिअ‍ॅक्शन त्यांना पूर्वी आलेली होती. त्यांनी लपवलं. मुलाने तशी सही दिलीय. तुम्ही कशाला टेन्शन घेताय?”

जिने चढताना रीमाने दोन वाक्यं घोकली होती. पहिलं बोलून झालं होतं. दुसरं स्वतःबद्दलचं होतं; त्याच्या जागी ती पर्समध्ये रुमाल शोधत राहिली.

“चहा सांगू?”

“नको,” ती म्हणाली आणि बसली. चहा आला. तिने तो प्यायला.

त्या सोमवारी सकाळी, ऑपरेशनआधी, हौसाबाई ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या खोलीत पडून होती. समुद्रकाठच्या पाली गावची कोळीण, पित्ताशयात खडे. बासरी ऐकवायला रीमाने कानाला लावलेले हेडफोन तिने उपटून काढले.

“कानात डास शिरल्यासारखा वाटतंय. आनि ती भिंतीवरची होरी बघ. जालं न्हाय, मानूस न्हाय. एकलीच पिकनिकला चालली काय?”

रंगवलेल्या होडीकडे बघून रीमा हसली. नाडी मात्र एकशे अठरा होती.

“आयक गो,” हौसाबाईचा आवाज खाली आला. “मना मागे गावात सुई दिलती, तापावर. तवा...”

“मावशी, सुईचा विचार आता नको. भीती सगळ्यांनाच वाटते. तुमचा ईश्वर सांगत होता, तुम्ही धवलारीण आहात. म्हणा ना काहीतरी.”

मुलाने सांगितलं म्हटल्यावर हौसाबाईचा चेहरा बदलला. पन्नास वर्षं गावातल्या लग्नांत तिने धवले गायले होते. धवलारीण गायल्याशिवाय पालीत कुणाला हळद लागत नव्हती.

“धवला काय टाइमपास हाय? सुरू केला का पुरा करायचा. अर्धा सोडत न्हाय.”

“मग पुरा करा.”

तिने डोळे मिटले. खरबरीत, जाड आवाज. एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावणं सुरू झालं. एकशे चार. शहाण्णव. बासरीने असा आकडा कधी उतरला नव्हता. रीमाने मोबाइल काढून शूट करायला घेतलं. साहेबांना व्हिडिओ लागायचे.

मंदा सिस्टर फाइल घेऊन आली. “आजी, कुठल्या औषधाचा, सुईचा आधी त्रास झालेला का?”

हौसाबाईने गाता गाता हात वर केला. थांब, असा. डोळे उघडून ती सिस्टरकडे बघत होती, आणि तोंडात अजून देव बाकी होते.

सिस्टर थांबली असती.

“मी बोललेय त्यांच्याशी,” रीमा म्हणाली. “काही नाही. मध्येच तोडू नका, नाडी बघा जरा.”

सिस्टरने ‘नाही’वर खूण केली. हौसाबाईला आत नेलं; दार बंद होईपर्यंत आतून धवला ऐकू येत होता. रीमाने तक्त्यावर चौऱ्याऐंशी लिहिलं आणि पुढे उद्गारचिन्ह काढलं.

साहेबांच्या टेबलावर चहाचा कप ठेवून ती बायकांच्या वॉर्डात गेली. ईश्वर मोसंबं सोलत होता आणि बोलत होता.

“सगळे विचारून थकले, हिने तोंड नाय उघडलं. मला माहीतच नव्हतं तर मी काय सांगणार? एवढी मासळी बाजार गाजवते, तिकडे बरी गप बसली.”

हौसाबाई ‘हो, हो’ अशी मान हलवत होती. बाजारात जिच्याशी भाव करायला माणसं बिचकत, ती लेकासमोर मान हलवत होती. रीमा दिसताच तिने त्याला चहा आणायला पिटाळलं. नळीने घसा सोलला होता, शब्द हवेसारखे येत होते.

“मना त्या दिवसाचा काय आठवत न्हाय. घरून निघाले ता आठवतंय, मंग एकदम नाकातोंडात नळ्या. ह्यो बोलतो, मी लपवलं. सून बोलते. डाक्टर बोलतो. मी पन लोकांना तेच बोलायला लागले, चुकले म्हनून.”

रीमाने पायाकडची चादर ओढून नीट केली. नीटच होती ती.

“पन मी असा लपवीन काय? तवा त्या सुईनं मराया टेकले होते. सोमवारी माझ्याजवल तू होतीस, सिस्टरनं मना तुला दाखवून सांगितलं. तुझ्याबिगर कोन न्हाय मना इचारायला.”

“मावशी, आराम करा. जास्त बोललात तर घशाला...”

“घसा माझा हाय.” हौसाबाई कोपरावर उठली. दारातून ईश्वर दोन कप सांभाळत येत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, आवाज मुद्दाम वाढवला, फाटला तरी वाढवला. “मी तुला सुईचा सांगितला व्हता का न्हाय? त्याच्यासमोर बोल.”