आरोग्यताईंचा मेसेज

फोन वाजला तशी शिंप्याने कात्री अर्ध्या कापलेल्या कापडावरच ठेवली, गोळी तोंडात टाकली आणि वर दोन घोट पाणी प्यायला. मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून एकेक अक्षर शोधत उत्तर लिहायला बसला.

शेजारी काजं करत बसलेली त्याची बायको हे बघत होती. सहा वर्षं मधुमेहाच्या गोळ्यांसाठी तिने याच्यामागे घसा कोरडा केला होता. ‘घेतो गं’ म्हणायचा, आणि गोळी वाटीत तशीच पडून राहायची. आता दवाखान्यातली कोण कुठली बाई दिवसातून दोनदा मेसेज करते आणि हा निमूट ऐकतो. खाली सही काय, तर ‘तुमची आरोग्यताई’.

“गोळी घेतली, एवढं कळवायला इतका वेळ?” तिने विचारलं.

“त्या आपुलकीने विचारतात. तुटक उत्तर कसं द्यायचं?”

“आणि मी विचारायचे ती काय वैर होतं म्हणून?”

“तू विचारायचीस कुठे? ओरडायचीस.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दोरा दातांनी तोडला आणि दुसरा शर्ट पुढे ओढला.

दुपारी तो एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेला, तो फोन घरीच विसरून. तिने तो उचलला. तो नंबर कायमचा बंद करून टाकायचा, एवढंच तिच्या मनात होतं. पण हा माणूस त्या बाईला लिहितो तरी काय, ते बघितल्याशिवाय तिला राहवेना.

‘गोळी घेतली. आज चहा बिनसाखरेचा.’

‘शाब्बास! असंच चालू ठेवा.’

तिने नाक मुरडलं आणि पुढचं वाचलं.

‘गोळी घेतली. ताई, डाव्या पायाला मशीनचं पायडल कळेनासं झालंय. घरी बोललो नाही. बायको घाबरेल.’

‘शाब्बास! असंच चालू ठेवा.’

‘गोळी घेतली. आता उजवाही तसाच वाटतो. माझं काम सुटेल का हो?’

‘शाब्बास! असंच चालू ठेवा.’

तिने तिन्ही उत्तरं पुन्हा वाचली. तिकडे ताई नव्हतीच. ‘गोळी घेतली’ एवढं दिसलं की कुठलासा कॉम्प्युटर आपलं ठरलेलं वाक्य धाडत होता. आणि तरीही, जे हिला सांगायचं ते सगळं याने तिकडेच सांगितलं होतं. तो राग काही केल्या जाईना.

तो परतला तेव्हा ती स्टूल घेऊन बसली होती.

“पाय बघू द्या.”

“हे काय नवीन? कामं पडलीत.”

तिने पदर मांडीवर पसरला. मग म्हणाली, “तुमच्या ताईंचा मेसेज होता. घरच्यांनी रोज पाय बघायचे, असं लिहिलंय.”

त्याने लगेच पाय तिच्या मांडीवर ठेवला. डाव्या टाचेत एक टाचणी डोक्यापर्यंत रुतली होती. भोवती सगळं लाल झालं होतं. ती टाचणी उपसेपर्यंत तो समोरच्या कापडाची घडी नीट करत राहिला.

“झालं का बघून?”

“झालं. उद्या सकाळी दवाखान्यात बोलावलंय.”

“ताईंनी?”

“हो.”

“मग जायलाच हवं,” तो म्हणाला आणि हनुवटीवरून हात फिरवला. “माझा तो निळा शर्ट धुतलेला आहे का?”

“आहे,” ती म्हणाली, आणि इस्त्री तापायला ठेवली.