‘इतर’च्या कप्प्यातली चाळीस कार्डं

माझ्या जिभेला हाड नाही, असं माहेरी म्हणायचे. सासरी कोणी म्हणत नाही, कारण इथे सासूबाई आहेत आणि त्यांच्यापुढे माझी जीभ म्हणजे कापूस. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई. अजूनही आमच्याकडे आलेला पाहुणा चपला जोडीनं, भिंतीला लावून ठेवतो. कोणाला सांगावं लागत नाही.

तर अशा बाईशी मी दोन महिने रोज खोटं बोलत होते.

रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की दोघी चहा घ्यायला बसतो. पहिला घोट झाला की त्या विचारायच्या, "आज किती जणांनी उघडली गं माझी कार्डं?"

"सात," मी म्हणायचे. कधी पाच. एकदा तर जोरात होते, अकरा म्हणून मोकळी झाले.

खरा आकडा शून्य होता. रोज शून्य.

आता हे असं का झालं ते सांगते, आणि आधीच सांगते की चूक माझीच. मी शिक्षकांच्या डिजिटल ग्रंथालयात काम करते. ग्रंथालय म्हटलं तरी तिथे पुस्तक औषधालाही नाही. चार टेबलं, चार संगणक आणि कुरकुरणारा एक पंखा. ठिकठिकाणचे शिक्षक आपापले उपक्रम, खेळ, तक्ते आमच्याकडे पाठवतात आणि बाकीचे शिक्षक ते शोधून वर्गात वापरतात. माझं काम वर्गवारीचं. आलेल्या प्रत्येक उपक्रमाच्या तीन चौकटी भरायच्या: इयत्ता, विषय, घटक. भरल्या की तो आपल्या कप्प्यात जाऊन बसतो आणि शोधणाऱ्याला सापडतो. चौकटी रिकाम्या राहिल्या की तो ‘इतर’ नावाच्या कप्प्यात पडतो, आणि ‘इतर’मध्ये शोध पोहोचतच नाही. एखाद्या शिक्षकाने चौकट रिकामी सोडली तर मी त्याला फोन करून झापते. बारा वर्षं झापतेय.

सासूबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेच्या कपाटातून एक बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत चाळीस कार्डं, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. पहिलं वर्ष तो डबा तसाच पडून होता, आणि त्याही. सकाळी सहाला उठायचं, आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून तयार व्हायचं, आणि मग खिडकीपाशी बसून राहायचं. जायला कुठे नव्हतंच. शेवटी मीच म्हटलं, "आई, द्या ती कार्डं, मी आमच्या ग्रंथालयात घालते."

एका रविवारी बसलो दोघी. त्या सांगणार, मी टाइप करणार. पहिलंच कार्ड: ‘पहिल्या दिवशी रडणारं मूल’.

"आई, विषय काय लिहू?"

"रडण्याला कसला आलाय विषय?"

"अहो, पण चौकट भरावी लागते."

"कार्डावर आहे तेवढंच लिही. एक कानामात्रा बदलायची नाही."

पुढची कार्डंही त्याच वळणाची. ‘जेवणानंतर वर्ग पेंगतो तेव्हा’. ‘सगळ्यांच्या आधी ज्याचं झालं त्याच्यासाठी’. ‘दोन जिवलग मैत्रिणी भांडल्या तर’. ‘बाईंचा घसा बसला तर’. आणि जगाला झापणारी मी, मूग गिळून चाळीसच्या चाळीस कार्डांच्या चौकटी रिकाम्या सोडून उठले. परक्यासाठी नियम, घरच्यांसाठी माया. गेली चाळीसही कार्डं ‘इतर’मध्ये.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा विचारला. त्यांचा चेहरा असा काही उत्सुक होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "सात."

त्या एकदम ताठ बसल्या. "सात वर्ग. म्हणजे दोनशेच्या वर मुलं झाली की गं!"

तो गुणाकार ऐकल्यावर शून्य म्हणायची माझी छाती झाली नाही. मग रोजचंच झालं. त्या गुणाकार करायच्या, रात्री दोन घास जास्त जेवायच्या, आणि मी खाली मान घालून बसायचे.

सोमवारी मात्र सगळं एकदम अंगावर आलं. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे छाननीसाहेब म्हणतो, सकाळीच जाहीर करून गेले की शुक्रवारी ‘इतर’ कप्पा साफ होणार. जे कोणीच उघडलेलं नाही ते कायमचं पुसून टाकायचं. घरी आले, तर आमची सातवीतली लेक आजीच्या गळ्यात पडून सांगत होती, "आजी, रविवारी मी तुला शोधायला शिकवणार. तुझं तुलाच बघता येईल कोण काय उघडतंय ते."

सासूबाईंनी चष्म्याचा नंबरही बदलून आणला होता त्यासाठी. शुक्रवारी कार्डं जाणार आणि रविवारी त्या ती शोधणार. या वयात त्यांना कळणार की आपली चौतीस वर्षं कोणाला नकोत, आणि हेही कळणार की सून थापा मारत होती.

मंगळवारी मी डबा खाऊन झाल्याबरोबर चौकटी भरायला घेतल्या. ‘सगळ्यांच्या आधी ज्याचं झालं’ हे दुसरी, गणित, बेरीज यात कोंबलं. मग शिक्षकासारखं शोधून पाहिलं: दुसरी, गणित. चौदाशे बारा उपक्रम आले. सासूबाईंचं कार्ड अठ्ठावन्नाव्या पानावर. अठ्ठावन्नावं पान मी नोकरी म्हणूनही कधी उघडलेलं नाही. आणि रडणारं मूल कुठल्या घटकात घालू? संध्याकाळपर्यंत बसून तीन कार्डं झाली, तीही माझ्या मनाला पटेनात.

बुधवारी महिन्याचा अहवाल करायचा होता. त्याला एक यादी जोडावी लागते, ज्या शोधांना काहीच सापडलं नाही त्यांची. दर महिन्याला ती यादी मी काढते, खाली एकूण आकडा लिहिते आणि साहेबांना देते. ते सही करून फायलीत लावतात. बारा वर्षांत ती यादी मी वाचली नव्हती, आणि पैजेवर सांगते, साहेबांनीही नाही. त्या दिवशी मात्र माझं डोकं चालत नव्हतं म्हणून मी ती नुसतीच वाचत बसले.

पहिलीच ओळ: ‘मूल रडायचं थांबत नाही काय करू’. त्रेसष्ट वेळा.

दुसरी: ‘जेवणानंतर मुलं झोपतात’. मग ‘ज्यांचं लवकर होतं त्यांना काय द्यावं’. आणि त्याखाली, देवाशपथ, ‘आवाज बसलाय वर्ग कसा घेऊ’.

"अगं बाई!" मी मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं दचकून माझ्याकडे पाहिलं.

इयत्ता नाही, विषय नाही. शेजारच्या वर्गातल्या बाईंना दारातून हाक मारून विचारावं तसे हे लोक आमच्या यंत्राला विचारत होते, आणि आमचं यंत्र त्यांना रिकाम्या हाती परत पाठवत होतं. उत्तरं इथेच होती, एका कप्प्यापलीकडे. मी यादी आणि कार्डं ताडून पाहिली. चाळीसपैकी एकोणतीस कार्डांना कोणी ना कोणी शोधत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही बारा वर्षं!

यादी घेऊन मी तडक साहेबांच्या टेबलापाशी गेले.

ते पेनचं बटण टकटक वाजवत म्हणाले, "मॅडम, यांना शोधायची पद्धतच माहीत नाही. आपण एक प्रशिक्षण ठेवू या."

"साहेब, समोर पोर भोकाड पसरून बसलंय. ती बाई एका हाताने त्याचं नाक पुसतेय आणि दुसऱ्या हाताने शोधतेय. तिने काय लिहायचं? इयत्ता पहिली, विषय रडणे, घटक हुंदके?"

"पण यंत्राला चौकट लागते ना."

"मग द्या की चौथी चौकट. प्रसंग. वर्गात काय घडतंय तेवढंच लिहायचं त्यात."

"त्याला वरून परवानगी लागेल."

"साहेब, आपण शेवटच्या मजल्यावर बसतो. आपल्या वर पाण्याची टाकी आहे फक्त. परवानगी तुम्हीच द्यायची असते."

पेन थांबलं. मी म्हटलं, "आणि एक आधीच सांगते. यातली चाळीस कार्डं माझ्या सासूबाईंची आहेत. मागाहून कळलं तर म्हणाल, घरचं घोडं दामटतेय."

मी मोबाइलवर काढलेलं रडणाऱ्या मुलाचं कार्ड त्यांनी पुढ्यात ओढलं. त्यावर असं होतं: ‘रडणाऱ्या मुलाला उगी उगी म्हणू नये. दाराजवळ बसवावे. आई संध्याकाळी येणार आहे, तोवर येणारीजाणारी माणसे मोज, असे काम द्यावे. मोजता येत नसेल तर दर माणसाला एक खडा वाटीत टाकू द्यावा. मोजणाऱ्याला फार वेळ रडता येत नाही.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "एक महिना," ते म्हणाले. "प्रायोगिक." मी वळले तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "हे कार्ड जरा छापून द्या मला. घरी लागेल."

दुपारपर्यंत चौथी चौकट तयार झाली आणि संध्याकाळपर्यंत मी चाळीसही कार्डं भरून ‘इतर’मधून बाहेर काढली. त्या संध्याकाळी "आज किती?" या प्रश्नाला मी "बघायला वेळ नाही झाला" म्हटलं. दोन महिन्यांतलं पहिलं खरं उत्तर होतं ते.

गुरुवारी चार वाजेपर्यंत मी शंभर वेळा बघितलं असेल. सकाळीच रडणाऱ्या मुलाच्या कार्डापुढे आकडा बदलला होता. एक. आणि चार वाजता, शाळा सुटल्यावर, कुठल्याशा बाईंनी खाली चार ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या आणि भर ऑफिसात ढसाढसा रडले. लाज वाटली नाही मला.

घरी आले. चहा झाला. पहिला घोट झाला.

"आज किती?"

"एक."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि काल?"

"शून्य. परवाही शून्य. आई, पहिल्या दिवसापासून शून्यच होतं. मी खोटं सांगत होते."

झालं, बोलून गेले. आता छडी बसते का काय, असं वाटून मी टेबलाकडे बघत राहिले.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अगं, चौतीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत बसलेय मी. सात शिक्षक जमले की नऊ शंका निघतात. तुझे सात सात जण रोज उघडतात आणि एकालाही काही विचारावंसं वाटत नाही? असे शिक्षक मी तरी पाहिले नाहीत."

"मग रोज विचारत का होतात?"

"तू किती म्हणतेस ते बघायला. अकरा म्हणालीस त्या दिवशी मला वाटलं, आज हिचं ऑफिसात कोणाशी तरी वाजलंय."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "बरं वाटायचं गं. खोटं आहे हे ठाऊक असूनही गुणाकार करायला बरं वाटायचं. पण नंतर खोलीत गेल्यावर वाईट वाटायचं."

त्या बाईंच्या चार ओळी कागदावर उतरवून आणल्या होत्या, त्या वाचून दाखवल्या.

‘आज करून पाहिलं. अर्ध्या तासात मूल गप्प झालं, वाटीत तेवीस खडे जमले. पण शाळा सुटताना त्याची आई आली नाही, आजोबा आले. मूल माझ्याकडे असं बघत गेलं, जणू मी त्याला फसवलं. उद्या ते पुन्हा येईल. उद्या काय करू?’

सासूबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, नवा चष्मा लावला आणि स्वतः एकदा वाचला. मग उठल्या. खिडकीपाशी गेल्या नाहीत, डब्याकडे गेल्या. एक कोरं कार्ड काढलं.

"पेन दे. आणि जाऊ नकोस, आत्ताच पाठवायचंय. सकाळी ती बाई दारात उभी असेल, आणि ते पोरही."

"एकच जण आहे आई," मी उगाच म्हटलं.

"एकच तर रडत असतं पहिल्यांदा. बाकीचे त्याचं बघून सुरू होतात." त्या लिहू लागल्या. मधे एकदा थांबून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लिहू लागल्या.

कार्ड माझ्या हातात आलं तेव्हा शाई ओली होती. वर लिहिलं होतं: ‘आदल्या दिवशी आपण मुलाला खोटे सांगितले असेल तर’. आणि खाली: ‘दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ते कबूल करावे. कारणे देऊ नयेत. मूल रागावेल. रागावू द्यावे. मग त्याला जवळ बसवून नवे काम द्यावे.’

"चहा गार झाला तुझा," त्या म्हणाल्या. "दुसरा टाकते. तू टाइप कर."

मी केलं. एक कानामात्रा बदलली नाही.