कॉलिनचा बिल्ला

होबार्टला अंटार्क्टिकावरच्या सरकारी संशोधन मोहिमांचं प्रदर्शन भरलं आणि पहिल्याच दिवशी म्हातारा डेस्मंड भांडायच्या तयारीने हजर झाला. लाकडी खोपट्यांचे फोटो, कुत्र्यांच्या गाड्या, मग ट्रॅक्टर, मग नव्या तळांच्या रंगीत गोदामवजा इमारती, सगळं नीट मांडलेलं. खोट काही सापडेना. म्हणून तो जुन्या तळाच्या फळ्यापाशी गेला.

तळावर हा फळा दाराशीच असायचा. प्रत्येकाच्या नावाचा एक बिल्ला. बाहेर पडताना लाल बाजू पुढे करायची, परतल्यावर पांढरी, आणि ज्याचा त्यानेच फिरवायचा. विसरलात, तर तुम्ही पांघरुणात घोरत असताना बाकीचे वादळात तुम्हाला शोधत फिरणार. असंही झालेलं आहे.

कॉलिनचा बिल्ला मात्र लालच राहिला. वादळात गेलेला तो माणूस सापडलाच नाही. तेव्हा डेस्मंड तळप्रमुख होता. शोध थांबवायचा हुकूम त्याचा, आणि या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही, ही ताकीदही त्याचीच. पुढे दर हिवाळ्याला नवी माणसं आली, पण कुणी बोट लावलं नाही.

आज तो पांढरा होता.

"हा कुणी फिरवला?" डेस्मंड गरजला.

मांडणी करणारी टॅमसिन गडबडली. "मीच, सर. सगळे एकसारखे दिसावेत म्हणून..."

"एकसारखे? अगं बाई, कपबश्या लावतेस का इथे?" त्याने बिल्ल्याकडे हात नेला.

"राहू दे, डेस." काठी टेकत कॉलिनची बहीण एनिड मागे येऊन उभी राहिली होती.

"नियम आहे, एनिड. ज्याचा त्यानेच..."

"तो यायचा नाही रे. तुला कळलं होतं, म्हणून तर सगळ्यांना माघारी बोलावलंस. बाकीचे जगले. बरोबरच केलंस. मग माझ्या भावालाच इतकी वर्षं बाहेर कशाला ठेवलंस?"

शोध थांबवल्याबद्दल ती एक दिवस जाब विचारणार, या धास्तीने त्याने तिला जन्मभर टाळलं होतं. तिने जाब विचारला तो भलताच. डेस्मंडने हात खाली घेतला. त्याला रडू फुटलं, आणि तेही त्या टॅमसिनसमोर.