बदली तास

"बाई, आठ किलो," डॉक्टर म्हणाला आणि त्याने लगेच मान खाली घातली.

मान खाली घालायला कारण होतं. हा डॉक्टर माझाच विद्यार्थी. दहावीला बीजगणितात काठावर पास झालेला, आणि तेही मी शाळा सुटल्यावर थांबवून त्याच्याकडून गणितं घोटून घेतली म्हणून. आता तो माझ्या उजव्या गुडघ्याचा फोटो उजेडापुढे धरून मलाच गणित घालत होता. वजन ब्याऐंशी. ते तीन महिन्यांत चौऱ्याहत्तरवर आलं तर मोठ्या सुट्टीत गुडघ्याचं ऑपरेशन. नाही आलं तर नाही.

"अरे, पण मला वेळ कुठे आहे?"

"बाई, वेळ मिळत नसतो, काढावा लागतो."

हे वाक्य माझंच. वीस वर्षांपूर्वी मी ते त्याच्या तोंडावर फेकलं होतं. मेल्याने ते नेमकं लक्षात ठेवलं, सूत्रं तेवढी विसरला.

गुडघा नुसता दुखत असता तर मी त्याच्याकडे गेलेही नसते. पण आमच्या शाळेत दहावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. चौसष्ट मुलं मावतील अशी ती एकच खोली, आणि लिफ्टसाठी ठेवलेल्या जागेत ढालींचं कपाट. गेलं वर्षभर मी कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर थांबून, भिंतीवरची सुविचारांची पाटी वाचल्याचं नाटक करत वर जात होते. वर पोचेपर्यंत सात मिनिटं जायची. शेवटी मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वयाने माझ्यापेक्षा चार वर्षं लहान आहेत.

"तुम्ही आता खालीच बसा ना," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "वेळापत्रकाचं काम तुमच्याशिवाय कुणाला जमतंय? नव्या वर्षापासून दहावीचं गणित नव्या सरांना देऊ."

नवे सर म्हणजे जिने दोन-दोन पायऱ्या गाळत चढणारा एक उत्साही प्राणी. तो गणितातल्या पायऱ्याही तशाच गाळतो. दहावीचं गणित गेलं तर माझ्याजवळ उरणार काय? सत्तावीस वर्षं मी त्या खोलीत फळ्यापुढे उभी राहिले आहे. घरी, दारी, लग्नाकार्यात माझं कुणी फारसं ऐकत नाही, त्या खोलीत चौसष्ट जणं ऐकतात. ती खोली मला हवी होती. म्हणून आठ किलो.

आता वेळापत्रकाबद्दल सांगते, कारण सगळी माती तिथेच झाली. शाळेचं वेळापत्रक मी करते. एकेचाळीस शिक्षक, बावीस वर्ग, एकच प्रयोगशाळा. त्यातला मुख्य नियम असा की कुठलाही वर्ग मोकळा राहता कामा नये. कुणी गैरहजर असलं की ज्याचा तास रिकामा आहे त्याच्या हातात मी बदलीची चिठ्ठी ठेवते. चिठ्ठीवर चार रकाने असतात: गैरहजर कोण, तास कोणता, बदली कोण, कारण काय. खाली सही. या चिठ्ठीला नाही म्हणायचं नसतं. मीसुद्धा सत्तावीस वर्षांत कधी म्हटलेलं नाही. ताप अंगात असताना मी सहावीला हस्तकला शिकवली आहे.

तेव्हा वजन उतरवायचं तर आधी वेळापत्रक हवं, हे ओघाने आलंच. ते करायला मला चार संध्याकाळी लागल्या. पट्टी, चार रंगांची पेनं, मोठा कागद. पहाटे पाच चाळीस ते सहा पंचवीस चालणे. मधल्या सुट्टीत खुर्चीवर बसून करायचे व्यायाम. चार वाजता सूप. साडेसहाला पोटाचे व्यायाम. शनिवारी उजळणी. चार संध्याकाळी बैठक मारून, बिस्किटांचे दोन पुडे संपवून मी ते पुरं केलं तेव्हा इतकं देखणं झालं होतं की फ्रिजच्या दारावर लावून मी जरा लांबून पाहत उभी राहिले. त्या चार दिवसांत वजन सहाशे ग्रॅमने वाढलं. आखणीच्या काळात असं व्हायचंच, मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी पाच चाळीसला मी बूट चढवले आणि फोन वाजला. विज्ञानाच्या बाईंचं पोट बिघडलं होतं. त्यांचे पाच तास कुणाला द्यायचे हे ठरवेपर्यंत सहा वाजून गेले. फ्रिजवरचा पहिलाच चौकोन मोकळा!

मोकळा चौकोन मला सहन होत नाही. अंगाला खाज सुटते. मी इकडेतिकडे पाहिलं. आमचे हे खुर्चीत पेपर उघडून बसले होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून यांचे दिवसाचे आठही तास रिकामे. शाळेत असा शिक्षक असता तर मी त्याला सोन्याने मढवला असता.

पर्समधून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, चारही रकाने भरले आणि यांच्यापुढे धरलं.

"हे काय?"

"बदली. पाच चाळीसचा तास. आता सहा पाच झालेत, उरलेला तरी घ्या."

"अगं, चालायचं तुला सांगितलंय."

"अहो, तास मोकळा जातोय ना!"

यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पेपरची घडी केली, चपला घातल्या आणि गेले. परत आल्यावर सही केली. मी चौकोनात बरोबरची खूण केली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी दहावीचे पेपर तपासायचे राहिले होते. हे गेले. बुधवारी पालकांची सभा होती आणि तिचे मुद्दे काढायचे होते. हे गेले. गुरुवारी मला खरंच काही काम नव्हतं, पण यांनी बूट घातलेले पाहिले आणि म्हटलं, आता दोघांनी एकाच तासाला जाण्यात काय अर्थ? तेवढ्यात मी गैरहजरांची यादी करून टाकली.

एकदा घडी बसली की काम कसं सुरळीत चालतं! चारच्या सुमाराला मी शाळेतच असायची, म्हणून सूपही यांच्याकडे गेलं. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती तक्रारवाल्यांची रांग, म्हणून खुर्चीवरचे व्यायाम मी चित्रकलेच्या बाईंना दिले. त्यांना तो तास रिकामाच असतो. आधी त्या कुरकुरल्या, पण चिठ्ठीला नाही कसं म्हणणार? महिन्याभरात त्यांची पाठदुखी थांबली. शिक्षकांच्या खोलीत त्या माझे आभार मानायला आल्या, आणि नेमका कुणाचा तरी वाढदिवस असल्यामुळे आम्ही दोघींनी केक खाल्ला. त्यांनी अर्धा ठेवला. तो मोकळा जाऊ नये म्हणून मी घेतला.

एकाच गोष्टीची मी कधी बदली दिली नाही. ती म्हणजे खाणं. त्या तासाला मी स्वतः, वेळेवर, शंभर टक्के हजर.

रविवारी लेकीचा फोन यायचा. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. "आई, चालतेस ना गं रोज?" ती विचारायची.

"अवकाळी पाऊस सोडला तर एकही दिवस खाडा नाही," मी सांगायची. फ्रिजवर तसंच दिसत होतं. पलीकडे आमचे हे पेपराचं पान उलटायचे.

तीन महिने संपले. डॉक्टरकडे जाताना मी फ्रिजवरचा कागद गुंडाळून, चिठ्ठ्यांची पुस्तकं रबर लावून बरोबर घेतली. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझी वही तपासणार होतं आणि मी पूर्ण तयारीत होते. हेही आले होते. बसमध्ये यांच्या पँटला नवा पट्टा दिसला. जुन्याची भोकं संपली, म्हणाले.

डॉक्टरने कागद टेबलावर पसरला. "बाई, वा! चौऱ्याण्णव टक्के हजेरी?"

"सहा टक्के पाऊस होता," मी विनयाने म्हणाले.

"या, काट्यावर या."

मी चढले. काटा थरथरला आणि स्थिर झाला. साडेत्र्याऐंशी.

"काटा बिघडलाय तुझा," मी म्हणाले.

डॉक्टर स्वतः चढून उतरला. मग त्याने एक पुस्तक उघडलं आणि सह्या पाहत बसला. एक पान, दुसरं पान. त्याचा चेहरा पाहून मला त्याची सहामाहीची उत्तरपत्रिका आठवली. फरक इतकाच की तेव्हा घाम त्याला फुटला होता.

"बाई, ही सही कुणाची?"

"यांची. मी नसले तर बदली लागते ना. तास मोकळा..." पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. बोलताना ते पहिल्यांदाच माझ्या कानावर पडलं होतं.

डॉक्टर हसला नाही. हसला असता तर मी त्याला रागावू तरी शकले असते. "काका, तुम्ही या जरा," तो म्हणाला. आमचे हे निमूटपणे काट्यावर चढले. तीन महिन्यांपूर्वी सोबत म्हणून आले होते तेव्हा यांचंही वजन घेतलेलं होतं. अठ्ठ्याऐंशी. आता ऐंशी.

आठ किलो. बरोब्बर. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. उत्तर तंतोतंत आलं होतं, फक्त दुसऱ्याच्या वहीत.

"बाई," डॉक्टर हळूच म्हणाला, "गुडघा कुणाचा उघडू? तुमचा की काकांचा?"

ऑपरेशन पुढच्या सुट्टीवर गेलं. म्हणजे दिवाळीपर्यंत, नव्या वर्षाचं पहिलं सत्र तरी, तिसरा मजला बंद. परत येताना मी बसच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग काढायला शेजारी एकच माणूस होतं.

"तुम्हाला कळत होतं ना सगळं? मग एकदा तरी नाही म्हणायचं! मुकाट्याने तीन महिने चालत बसलात."

यांनी तिकिटाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "लग्नाला एकतीस वर्षं झाली. तुझ्या वेळापत्रकात माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं गं. नाही कसा म्हणणार?"

यात टोमणा असता तर मी परतवला असता. पण यांनी ते आपलं साधं सांगितलं, बस कुठे थांबते ते सांगावं तसं. एकेचाळीस माणसांचे आठवड्याचे सगळे तास मला तोंडपाठ आहेत, आणि हा माणूस दोन वर्षं दिवसभर काय करतो हे मी कधी विचारलं नव्हतं. रिकामा आहे, एवढंच पाहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी नव्या वर्षाचं वेळापत्रक भरायला घेतलं. दहावी, गणित. त्या चौकोनाशी येऊन हात अडला. मोठ्या बाई दारातून डोकावून गेल्या, काही बोलल्या नाहीत. त्यांचे उपकारच म्हणायचे. मी नव्या सरांचं नाव लिहिलं. बाकीचा सगळा कागद शाईने भरला होता. ते एक नाव तेवढं पेन्सिलीने लिहिलं, आणि पेन्सिल अगदी हलक्या हाताने टेकवली.

त्यानंतरच्या सोमवारी पहाटे पाच पस्तीसला मी चहा ढवळत होते. यांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. माझ्याच पुस्तकातली, पण अक्षर यांचं. शाळेत माझ्या चिठ्ठ्या घेताना लोकांची तोंडं वाकडी का होतात ते मला त्या क्षणी समजलं.

गैरहजर कोण, याच्यापुढे यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. तास: पाच चाळीस. बदली कोण, तिथे माझं नाव. आणि कारण: एकट्याने फिरायचा कंटाळा आला.

"अहो, आज मला पुस्तकांची यादी..."

"चिठ्ठीला नाही म्हणायचं नसतं," हे म्हणाले.

मी बूट घातले. तीन महिन्यांत त्यांना एक डाग पडला नव्हता. नाडी बांधायला वाकले तर पोट मध्ये आलं, म्हणून यांनी खाली बसून बांधून दिली. दारात पोचले आणि पाहते तर यांच्याही पायात बूट.

"तुम्ही कुठे निघालात? तुम्ही गैरहजर आहात ना?"

"रजेवर आहे. रजेत माणूस वाटेल तिकडे जाऊ शकतो."

आम्ही निघालो. यांचं चालणं मला नवीनच होतं. सरळ, हलकं, वाटेतल्या तीन कुत्र्यांशी आणि एका पेपरवाल्याशी ओळख असलेलं. दूधकेंद्रापर्यंत मी बरी होते. वळणावर गुडघ्याने कुरकुर सुरू केली, बागेच्या फाटकापाशी तो माझ्याशी चक्क भांडायला लागला. तिथल्या बाकावर मी बसकण मारली. दम खाताना काही बोलता येत नाही, त्यामुळे मी फक्त ऐकलं. हा बाक कुणाचा, समोरचे म्हातारे दोघे कधी येतात, कुठल्या घराचा दिवा आधी लागतो, हे सगळं यांनी मला सांगितलं. माझ्या नावावरच्या तीन महिन्यांत हे सगळं होतं.

मग यांनी खिशातून चिठ्ठी आणि पेन काढलं. "सही कर."

मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. चौकोन पंचेचाळीस मिनिटांचा. खूण करून टाकायला कुणी अडवणार नव्हतं, हे तर मुळीच नाही. बाकावर चिठ्ठी ठेवून मी सही केली आणि शेजारी आकडा लिहिला: अकरा. त्या सगळ्या पुस्तकांमधला माझ्या सहीचा तो पहिलाच तास.

"उद्या?" यांनी विचारलं.

"उद्या तुम्ही रजेवरच राहा," मी म्हणाले.