आंबिलीतलं मीठ

ओट्यावर चौदा भाज्या होत्या. शर्मिष्ठाने त्या आधी डावीकडून मोजल्या, मग उजवीकडून. लाल भोपळा, दोडका, कारलं, गवार, भेंडी, चवळीच्या शेंगा, वांगी, पडवळ, मुळा, काकडी, अंबाडी, कोचई म्हणजे अळकुड्या, तोंडली, बटाटे. दोन्हीकडून चौदाच भरल्या.

"चौदांत नाही भागत का, आई?" तिने सासूला विचारलं.

कुमुद स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली होती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि गळ्यातल्या झोळीत. तीन आठवड्यांपूर्वी अंगणात पाय घसरला होता.

"सोळा भाज्यांची भाजी म्हणतात तिले," कुमुद म्हणाली. "काटवल नाही दिसून राहिले. अन् मुनग्याचा पाला. विशालले उठव, शास्त्री बाजारात सात वाजताच मिळन."

विशालने डोळे न उघडताच विचारलं, "दो सब्जी के लिए?" आणि दोन मिनिटांनी तो स्कूटरची किल्ली शोधत होता. त्यांच्या लग्नाला सात महिने झाले होते. आईचं मराठी आपल्याला कळतं आणि आपलं हिंदी आईला, एवढ्यावर त्याचं घरात छान चाललं होतं.

बाजारात काटवलं एकाच बाईकडे होती. रायपुरात त्यांना खेकसी म्हणतात. शर्मिष्ठाने दोनशे ग्रॅम मागितली, तेव्हा ती बाई हसली.

"दू सौ ग्राम मा का होही, दीदी? आजे के टोरे हे, किलो भर ले जा."

"सोळा भाज्यांतली एक आहे, थोडीच लागते."

"सोलह?" बाईने विशालकडे पाहिलं. "तोर घर मा बरात आवत हे का, भैया?"

विशाल म्हणाला, "हव, चौबीस झन के," आणि मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची जुडी पिशवीत टाकली.

चोवीस हा आकडा खरा होता. त्यातल्या तेवीस माणसांची शर्मिष्ठाला काळजी नव्हती. चोविसावी लता होती, कुमुदची मोठी जाऊ. घरातली सगळी पुढची पिढी तिला मोठी आई म्हणायची. ती नागपूरहून सकाळच्या गाडीने येत होती. हात मोडल्याचं कळलं तेव्हाच ती फोनवर म्हणाली होती, "कुमुद, तुले आता झेपत नाही. औंदा करून घे. जेवण झालं की पाहू, नाही तं महालक्ष्म्या मी नागपूरले घेऊन जातो."

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बावीस वर्षं या घरात बसत होत्या. कुमुदच्या सासूबाई शेवटपर्यंत रायपूरला धाकट्या मुलाकडे राहिल्या, आणि त्यांच्यामागे पितळी मुखवटे इथेच राहिले. त्या फोननंतर कुमुद दोन दिवस धड जेवली नव्हती. "मोठ्या आहेत, त्यांचा हक्कच आहे," एवढंच ती म्हणाली. शर्मिष्ठाच्या माहेरी महालक्ष्म्या नव्हत्या. पण सासूला त्या वाक्यानंतर उगाचच देव्हारा पुसताना तिने पाहिलं, आणि तिला प्रश्न नीट समजला: आजचं जेवण बिघडलं, तर मुखवटे जाणार.

आणि जेवण बिघडायला एक जागा होती. नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही. मीठ किती, हे जिभेला विचारता येत नाही. बावीस वर्षं ते कुमुदच्या उजव्या हाताला ठाऊक होतं, आणि तो हात प्लास्टरमध्ये होता.

शर्मिष्ठा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. नवा रायपूरला एका प्रयोगशाळेत माती आणि पाण्याचे नमुने तपासायची. तिला हा प्रश्न आवडला. दहा दिवस रोज संध्याकाळी तिने वजनकाट्यावर तोलून मीठ घातलं, कधी कढीत, कधी वरणात, आणि सासरे वासुदेवराव पानावर बसून निकाल द्यायचे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. "फिक्कं." "जरा वर." "हे बेस." अशा दहा संध्याकाळींनंतर कागदावर आकडे आले. आंबिलीपुढे लिहिलं होतं: लिटरला सात ग्रॅम. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली आंबील हा या जेवणाचा जीव, आणि लता जेवायला बसली की आधी तिकडेच हात घालते, असं वासुदेवरावांनी सांगून ठेवलं होतं.

बाजारातून आल्यावर साडेदहाला आंबिलीला उकळी आली. मोठ्या गंजात बरोबर चार लिटर. शर्मिष्ठाने अठ्ठावीस ग्रॅम मीठ आधीच वाटीत तोलून ठेवलं होतं, ते घातलं, ढवळलं. तेवढ्यात फाटक वाजलं. ती मोठ्या आईची बॅग घ्यायला बाहेर गेली, पाया पडली, हातपाय धुवायला पाणी दिलं. सहा-सात मिनिटं गेली असतील.

परत आली तर कुमुद शेगडीशी उभी होती. डावा तळवा पांढरा.

"मीठ राहिलं होतं वो आंबिलीत," कुमुद म्हणाली. "वाटी रिकामी दिसली, मले वाटलं तू तोलाचं विसरली. मी टाकलं."

शर्मिष्ठा गंजापाशी आली. "आई, मी घातलं होतं."

दोघी गंजाकडे पाहत राहिल्या. आंबील शांतपणे बुडबुडत होती. तिच्याकडे पाहून काही कळत नव्हतं.

"किती टाकलंत?"

"मूठभर. पण डाव्या हातानं. अर्धं तं ओट्यावरच सांडलं असन." कुमुद स्टुलावर बसली. "आता काय करतो? चाखता येत नाही. नवीन कराले तेवढं ताक नाही. अन् ताई बाहेर बसून आहे."

ओट्यावर मीठ सांडलेलं होतंच, पण ओला फडका त्यावरून फिरला होता. ते गोळा करून तोलणं शक्य नव्हतं. आत किती पडलं, हे आता फक्त आंबिलीलाच विचारायला हवं होतं.

शर्मिष्ठा आपल्या खोलीत गेली आणि पेनाएवढं एक यंत्र घेऊन आली. घरात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं, तेव्हा तिने ते विकत घेतलं होतं. पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. पहिल्या आठवड्यात तिने नळ, बोअर, पाऊस, सगळ्यांत बुडवून पाहिलं होतं.

"आई, आंबील थोडी वाटीत काढली तर चालेल? तोंडाला लावणार नाही. आणि ती परत गंजात जाणार नाही."

कुमुदने विचार केला. तिला हे कोणीच कधी विचारलं नव्हतं. "तोंडाले नाही लागली तं उष्टी कशी होईन?" ती शेवटी म्हणाली. "काढ."

शर्मिष्ठाने तीन ग्लास मांडले. तिन्हींत शुद्ध केलेलं एकशे नव्वद मिलिलिटर पाणी. पहिल्यात दहा मिलिलिटर नुसतं अळणी ताक. दुसऱ्यात तेवढंच, पण लिटरला सात ग्रॅमच्या हिशेबाने खारवलेलं ताक. तिसऱ्यात आंबील. ती निवेपर्यंत थांबली. मग पेन बुडवलं. पहिला ग्लास एकशे पाच. दुसरा चारशे साठ. तिसरा सहाशे साठ.

"म्हणजे?" कुमुद कुजबुजली.

"म्हणजे लिटरला एका ग्रॅममागे आकडा पन्नासने वाढतोय. सात हवं होतं, अकरा झालंय."

"काय झालं अकरा?"

दारात लता उभी होती. पासष्टीची, सडसडीत, पदर कमरेला खोचलेला. तिने ग्लास पाहिले, पेन पाहिलं, जावेचा चेहरा पाहिला. कुमुद उठायला लागली, पण उठली नाही.

"आंबील खारट झाली, मोठी आई," शर्मिष्ठाने सांगून टाकलं.

"खारट झाली?" लताचा आवाज खाली आला. "कशी समजली? नैवेद्य व्हाचाच आहे अजून. चाखली कोणी?"

"कोणीच नाही."

"तं मंग स्वप्नात आलं? कुमुद, खरं सांग. देवीच्या आधी जीभ लावली का इथं कोणी?"

शर्मिष्ठाला कळलं की खारटपणापेक्षा हे वाईट आहे. न चाखता कळलं, यावर या घरात कोण विश्वास ठेवणार? आपण तरी ठेवला असता का, पुरावा न पाहता?

"मोठी आई, तुम्हीच तपासा," ती म्हणाली. "मी पाठ फिरवते. दोन ग्लास पाणी घ्या, एकात चिमूटभर मीठ घाला, ढवळा. कुठल्यात ते सांगू नका. हे पेन सांगेल."

"जादूचे खेळ करून राहिली का, पोरी?"

"नाही, एकदा बघा तर."

लता बघणाऱ्यांतली होती. तिने शर्मिष्ठाला भिंतीकडे तोंड करायला लावलं. कुमुदलाही. भांड्यांचा आवाज झाला, चमचा फिरला, मग बराच वेळ काहीच नाही.

"हं. सांग."

शर्मिष्ठाने पेन डाव्या ग्लासात बुडवलं. आकडा सहाशेच्या पुढे. उजव्यात बुडवलं. तिथेही सहाशेच्या पुढे. तिने दोनदा पाहिलं, पेन धुऊन तिसऱ्यांदा पाहिलं.

"मोठी आई, तुम्ही दोन्हींत मीठ घातलंय."

लता इतकी हसली की वासुदेवराव बैठकीतून उठून आले. "पकडलं वो हिनं मले, कुमुद! फसवाले गेली अन् पकडलं!" डोळे पुसत तिने पेन हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "दाखव तुही आंबील. सांग, किती बिघडली?"

शर्मिष्ठाने गणित मोठ्याने केलं. चार लिटर, सोळा ग्रॅम जास्त. अळणी आंबील दोन लिटर आणि तीनशे मिलिलिटर मिसळली, की पुन्हा लिटरला सात. "पण ताक एवढंच उरलंय, अर्धा लिटर."

"उद्याच्या दहीभाताचं दही लावलं आहे का?"

"फ्रिजमध्ये आहे," कुमुद म्हणाली. "एक लिटर. पण ते उद्याच्या बोळवणीचं..."

"उद्याचं संध्याकाळी पुन्हा लावू. गौळी काही संपावर नाही गेला. आण रवी."

लताने दही घुसळायला घेतलं, आणि मापं शर्मिष्ठाने घेतली. लता पीठ कालवत होती आणि तिच्या हाताखाली गुठळी होत नव्हती, हे शर्मिष्ठाने नोंदवून ठेवलं: पीठ आधी थोड्या गार ताकात, मग पातळ करत न्यायचं. वीस मिनिटांत दुसरी आंबील पहिलीत गेली. ढवळून, निववून, पुन्हा वाटी, पुन्हा पाण्याचा ग्लास, पुन्हा पेन.

तिघी वाकून बघत होत्या. आकडा चारशे साठपर्यंत आला, एकसष्ट झाला, पुन्हा साठवर थांबला.

"अन् माह्याकडे कोण करतं हे पेनाचं?" लता गंजावर झाकण ठेवत म्हणाली. प्रश्न तिने जणू गंजालाच विचारला होता.

साडेबाराला नैवेद्य दाखवला. आरती झाली. बायकांची पंगत आधी बसली. लताने पान वाढून होताच आंबिलीच्या वाटीला हात घातला, एक घोट घेतला, आणि वाटी खाली न ठेवता दुसरा घेतला. शर्मिष्ठा वाढायचं पातेलं धरून उभी होती.

"घाल अजून," लता म्हणाली. वाटी भरून घेतली. मग शेजारी बसलेल्या कुमुदकडे वळली. कुमुद डाव्या हाताने पुरणपोळीचा तुकडा मोडायच्या खटपटीत होती. लताने पोळी ओढून तिचे चार तुकडे केले आणि परत तिच्या पानात ठेवले.

"मुखवटे काळे पडले आहे, कुमुद. तुमच्या सदर बाजारात कोणी उजळून देते का?"

"देते न, ताई. एक म्हातारा आहे."

"मंग पुढच्या वर्षीच्या आधी देऊन ठेव. अन् मी दोन दिवस पहिले येतो. पीठ कालवाले हिले अजून जमत नाही."

कुमुदने मान खाली घातली आणि पहिला तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. तिने त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या, आणि वासुदेवराव दारातून हळूच म्हणाले, "बेस."

पुरुषांची पंगत उठली तेव्हा पावणेतीन वाजले होते. विशाल रिकामी भांडी आत आणत म्हणाला, "अम्बिल खतम हो गई क्या? मैंने तीसरी बार माँगी थी." शर्मिष्ठाने गंज तिरका करून उरलेली आंबील मापाच्या भांड्यात ओतली. सहा लिटर तीनशेपैकी उरली होती नव्वद मिलिलिटर.