अर्ध्या कोशातले एक पान

मी एक जुना शब्दकोश आहे, आणि तोही अर्धाच. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. मनातून मला तुमचा राग आहे. तुम्ही कोश हौसेने विकत घेता, पहिल्या पानावर झोकात नाव घालता आणि मग त्याच्यावर चहाचा कप ठेवता. माझ्या पुठ्ठ्यावर कपाचे सात गोल डाग आहेत. आत मात्र कितीतरी पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, कारण त्यांना कोणी कधी हातच लावला नाही.

पण आधी जन्माची कथा सांगतो.

मला एका शाळामास्तरांनी रचले. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या भाषा म्हणजे एकाच आईच्या लेकी. माहेरचा एखादा शब्द प्रत्येकीने आपापल्या सासरी नेला. तिथे त्याचे कुठे सोने झाले, कुठे माती झाली, हे मास्तरांना लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी बावीस वर्षे चिठ्ठ्या केल्या आणि बुटांच्या खोक्यांत भरल्या. त्यांची बायको म्हणायची, "या घरात सगळ्या जगाच्या शब्दांना जागा आहे. माझ्याच शब्दाला तेवढी नाही." मास्तर मान डोलवायचे आणि पुढची चिठ्ठी लिहायचे.

त्यातल्या एका शब्दाने त्यांना चार महिने छळले. तो शब्द म्हणजे गिफ्ट. तुम्ही हसाल. वाढदिवसाचे गिफ्ट कोणाला माहीत नाही? मूळ अर्थ अगदी साधा, 'जे दिले ते'. इंग्रजीच्या घरी त्याची भेटवस्तू झाली. जर्मन घरीही जुन्या काळी तो देण्याचाच शब्द होता. पण औषधाची मात्रा देतात तसे आणखीही काही देतात, आणि तिथे त्याचा अर्थ झाला विष. स्वीडिशच्या घरी तर त्याने दोन संसार थाटले. तिथे गिफ्ट म्हणजे लग्न झालेला माणूस, आणि गिफ्ट म्हणजे विषसुद्धा. यावर टवाळकी करू नका. तुम्हीही भेट देता, मुलगी देता आणि विषही देताच. मास्तरांनी हे सगळे अडीच इंचांत बसवले आणि विष हा अर्थ ठळक छापायला लावला.

छापून, शिवून, पाठीला सरस लावून मी तयार झालो. मला एका भाषांतरकाराने घेतले. त्यांची कचेरी म्हणजे कागदाच्या दुकानावरची एकच लांब खोली. परदेशी जाणाऱ्यांचे दाखले, परदेशी यंत्रांच्या याद्या, पत्रे असे काम चाले. ते म्हातारे मात्र मला खरोखर उघडत. माहीत असलेला शब्दही एकदा पाहून घेत. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणाल तर तेवढेच.

त्यांना दोन मुले होती, ताई आणि धाकटा. ताई सोळा वर्षे वडिलांच्या शेजारी बसून काम करत होत्या. धाकटा मधून मधून यायचा, जर्मन पत्रे भराभर उरकायचा आणि निघून जायचा. तरी म्हाताऱ्यांनी दारावर पाटी लावली ती 'भाषांतरकार आणि पुत्र' अशी. ताई रोज त्या पाटीखालून आत आल्या आणि काही बोलल्या नाहीत. म्हातारे गेले, आणि आठवड्याभरात सोळा वर्षांचे न बोललेले सगळे बाहेर पडले.

"पाटी तशीच राहणार," धाकटा म्हणाला.

"मग पाटीच घेऊन बस. काम मी नेते," ताई म्हणाल्या.

वाटणी झाली. खोलीच्या मधोमध कपाट उभे केले, खिडकीची बाजू ताईंची, दाराची त्याची. टंकयंत्र त्याला, रबरी शिक्के ताईंना. उरलो मी. मी दोघांनाही हवा होतो. खरे म्हणजे मी दुसऱ्याला मिळू नये, एवढेच दोघांना हवे होते. शेवटी बाइंडरला बोलावले. त्याने मला हातात घेतले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाई, मला पुस्तकं जोडायला बोलवतात. कापायला आजवर कोणी बोलावलं नाही."

"कापा," दोघे एकदम म्हणाले. गेल्या सहा महिन्यांत त्यांचे एकमत झाले ते एवढ्याच बाबतीत.

सुरी माझ्या पाठीतून गेली. ए पासून एल पर्यंतचा मी धाकट्याकडे आलो. माझे उरलेले अर्धे अंग कपाटापलीकडे गेले. दुखले का, असे विचारू नका. तुमच्याकडे सहानुभूतीला तोटा नसतो, कामाला असतो.

दोन वर्षे गेली. कपाटाच्या दोन बाजूंना दोघे खोकत, शिंकत, गिऱ्हाइकांशी गोड बोलत. पण एकमेकांशी एक अक्षर नाही. मग एका सकाळी रोपवाटिकेच्या बाई आल्या. शहराबाहेर त्यांची मोठी रोपवाटिका होती. त्यांनी स्वीडनमधले एक जुने काचघर सुटे करून आणवले होते. त्याच्या पेट्यांत नळ, झडपा, हत्यारे, आणि कुलूप तुटलेल्या एका खोक्यात पांढऱ्या भुकटीचे सहा डबे होते. ताईंनी स्वीडिश दाखले आयुष्यभर केले होते, म्हणून बाई त्यांच्याकडे गेल्या. सामानावरची एकूण एक अक्षरे उतरवून त्यांनी यादी केली होती. माणसे खोळंबली होती, बाई समोर खुर्चीवर बसूनच राहिल्या.

यादी भराभर झाली. एका ओळीवर ताई अडल्या. "डब्यांवर एवढंच आहे?"

"खालचा कागद ओलीनं कुजलाय. एवढीच चार इंग्रजी अक्षरं राहिलीत. गिफ्ट."

ताईंनी हा शब्द शेकडो दाखल्यांवर पाहिला होता. तिथे तो 'विवाहित' असा येई. पण डबा विवाहित कसा असेल? मग दोन वर्षांत पहिल्यांदा कपाटावरून त्यांचा आवाज आला.

"ऐकतोस का? एक शब्द बघून सांग. जी अक्षर तुझ्याकडे आहे."

धाकट्याने मान वर केली. मी त्याच्या कोपराशी पडलो होतो, हात लांब करण्याइतक्याच अंतरावर. आणि ध्यानात घ्या, जर्मन हीच त्याची भाषा. उघडायचीही गरज नव्हती. शब्द कोणता, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

"तुझ्या वाट्याला एम ते झेड आलंय," तो म्हणाला. "त्यात सापडतं का बघ."

"गिऱ्हाईक बसलंय समोर."

"मग गिऱ्हाइकाला सांग, आमच्याकडे अर्धीच भाषा मिळते."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. पलीकडे ताईंचे कान तापले असणार. गिऱ्हाइकादेखत झालेला अपमान त्यांनी गिळला आणि लिहून टाकले, 'सोबत मोफत भेट'. शंका होती, तरी लिहिले. तेव्हा बारा वाजत आले होते. बाई यादी घेऊन निघाल्या. जाताना दारात म्हणाल्या, "ती भुकटी खतच असणार. भेट म्हणून आलंय, बरं झालं, फुकट मिळालं."

हे मात्र धाकट्याने ऐकले. भुकटी. भेट. फुकट. आणि शब्द जी अक्षराचा. त्याने मला ओढून घेतले आणि ते पान काढले. काळजीने नव्हे हं. बहीण कुठे चुकली ते त्याला पाहायचे होते. ठळक छापलेल्या शब्दावर त्याचे बोट थांबले. आणि तो हसला. माझ्या पानावर वाकून हसला. मग मला मिटले, हात धुतले, जेवणाचा डबा उघडला आणि सावकाश जेवला. आता हे कपाटावरून कसे सांगायचे, कोणत्या शब्दाने जास्त झोंबेल, याची तो घासागणिक जुळवाजुळव करत होता. मी चार बोटांवर होतो. मला तोंड असते तर मी त्याला चावलो असतो.

पावणेदोनला त्याने सुपारी तोंडात टाकली.

"ताई, त्या डब्यांना काय लिहिलंस?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. तो शब्द विषाचा आहे, म्हणून विचारलं."

पलीकडे खुर्ची पडली. ताईंनी रोपवाटिकेला फोन लावला. घंटा वाजत राहिली. सगळी माणसे काचघरात होती. त्या तशाच पळत जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवरून त्यांचा आवाज आला, "कधी कळलं तुला?"

तिकडे दीड वाजता रोपवाटिकेतल्या माळीकाकांनी पहिला डबा उघडला होता. कलमे बांधण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. फुकटचे खत त्यांनी मुठीने रोपांना घातले, घाम आला तसा त्याच हाताने तोंड पुसले, त्याच हाताने भाकरी मोडली. ताई पोचल्या तेव्हा ते मातीत आडवे पडून ओकत होते.

ते तेवीस दिवस रुग्णालयात होते. ताईंनी जबाबात लिहून दिले, 'शंका असताना मी अर्थ लिहिला. चूक माझी.' रोपवाटिकेच्या बाई कचेरीत येऊन वाटेल ते बोलून गेल्या. ताईंनी खाली मान घालून ऐकले. आणि कपाटाअलीकडे धाकटा त्या सगळ्या दिवसांत अवाक्षर बोलला नाही. मला त्याने पालथे घालून ठेवले होते.

चोविसाव्या दिवशी माळीकाका स्वतः जिना चढून आले. सोबत त्यांची बायको होती. जीव वाचला होता, पण उजव्या हाताची बोटे बधिर झाली होती. त्यांत आता सुतळीही धरवत नव्हती. ते दोन्ही टेबलांपाशी न बसता कपाटाशी उभे राहिले.

"मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "पण मला जे झालं ते कुठंतरी लिहिलेलं होतं म्हणतात. ते ऐकायचंय."

ताई उठून अलीकडे आल्या. धाकट्याने मला सुलटे केले, पान काढले आणि वाचले. भेट. विवाहित. विष.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," काका म्हणाले.

"नंतर पाहिलं."

"नंतर म्हणजे कधी?"

ताई त्याच्याकडे बघत होत्या. माळीणकाकू म्हणाल्या, "सांगा की. माणूस जिवंत आहे अजून, ऐकेल."

"बारा वाजता," धाकटा म्हणाला.

"मी डबा दीडला उघडला," माळीकाका म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्यांनी डावा हात पुढे केला. "ते पान द्या मला."

मित्रांनो, पान फाडणे म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. पण त्या दिवशी मी हू का चू केले नाही. धाकट्याने ते मुळापासून फाडून दिले. तो "माफ करा" असे काहीतरी पुटपुटला. काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि बायकोच्या खांद्याला धरून जिना उतरले.

ताईंनी दुसऱ्याच दिवशी आपले टेबल हलवले आणि दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली. माझे दुसरे अंग तिथे आहे. कोणी जोडाजोड केली नाही. भाऊ-बहीण एकमेकांच्या घरी जात नाहीत, पुढेही जातील असे वाटत नाही. मात्र एम ते झेडमधला शब्द अडला की धाकटा उन्हातून चालत तिथे जातो. ताई त्याला बस म्हणत नाहीत, पाणी विचारत नाहीत. उंबऱ्यात उभे ठेवून पान मोठ्याने वाचतात, तो लिहून घेतो आणि परत येतो. ताईंचा निरोप आला की तोही हातातले काम टाकून आधी मला उघडतो.

तेव्हा मित्रांनो, मला मखमलीत गुंडाळू नका आणि माझ्यासमोर हातही जोडू नका. शंका आली की उघडा. आणि कळले की सांगा. ज्याचे तोंड पाहवत नाही त्यालाही, त्याच मिनिटाला सांगा. भांडण कुठे पळून जात नाही, ते संध्याकाळी पुढे चालू करता येते.

रोपवाटिकेच्या बाई परवा धाकट्याकडे एक पत्र घेऊन आल्या, तेव्हा कळले. माझे ते पान अवजारांच्या खोलीत काचेखाली लावले आहे. नवा डबा, नवी पिशवी घेऊन जो कोणी येतो, त्याला माळीकाका दारात अडवतात आणि ते पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावतात. माझ्या सगळ्या पानांत रोज वाचले जाणारे तेवढेच एक.