काशीरामाचा आवाज

मी व्हिडिओ कॅसेट बोलतेय, आणि फार वर्षांनी निवांत बोलतेय. तोंडवलीच्या काशीराम तांडेलाच्या घरची मी.

कारखान्यातला जन्म मी मोजतच नाही. तेव्हा मी कोरी होते. खरी जन्मले १९९८ साली, काशीरामाच्या होडीच्या पूजेला. मालवणच्या स्टुडिओवाल्या भाईंनी हार घातलेली होडी, नारळ, सगळी वाडी माझ्यात भरली. शिवाय काशीरामाचं गाऱ्हाणं! देवाला हाक मारून मागणं मांडावं तर त्यानंच, आणि प्रत्येक मागण्याला वाडीनं एका सुरात होकार द्यावा.

तीन वर्षांनी काशीराम तापानं गेला. फोटो भिंतीवर राहिले. आवाज मात्र माझ्या एकटीकडे. त्याची बायको हिरा मला जिवापाड जपायची. पण खाऱ्या हवेनं माझ्या फितीला बुरशी धरली. मग काय, कोकमं आणि सुके बांगडे वाळत घालणारी हिरा दर मे महिन्यात मलाही ऊन दाखवू लागली! माया खरी हो, पण मी भाजून निघायचे. वर मांजर येऊन मला हुंगायचं ते वेगळंच.

२०१० साली मुलगा सुदेश नवी होडी पाण्यात घालणार होता. हिरानं सांगून टाकलं, "त्याच्या आदी माका तेंचो आवाज ऐकाक व्हयो."

सुदेश तडक मला घरच्या जुन्या मशीनमध्ये कोंबायला निघाला. मालवणात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या त्याच्या बहिणीनं, सारिकानं, हात धरला. "दादा, ही एकच आसा. आदी दुसरी घालून बघ."

"मशीन ता मशीन! तेच्यात काय बघूचा?"

तरी त्यानं सिनेमाची एक कॅसेट घातली. मशीननं तिची फीत शेवयांसारखी बाहेर काढली. माझी तर बोबडीच वळली.

मग सुदेशला सावंतवाडीच्या दुकानातलं चकचकीत यंत्र आवडलं. कॅसेट घाला, डीव्हीडी काढा. सारिकानं तिथंही एक झिजलेली कॅसेट लावून पाहिली. चित्र जरा थरथरलं की यंत्र निळा पडदा दाखवून गप्प! शेवटी तिनं भाईंच्या स्टुडिओतलं जुनं, जड मशीन पसंत केलं. त्यात थरथरणारं चित्र बटण फिरवून हातानं सावरता यायचं. ते कॉम्प्युटरला जोडायला एक लहानशी डबी आणली. "दिसाक नाय बरा," सुदेश कुरकुरला.

भाईंनी मला उघडून बुरशी पुसली. जीव मुठीत धरून मी आत गेले. पडद्यावर नुसत्या रेघा. आवाज नाही.

"माझ्यामुळाच झाला ह्या," हिरा रडू लागली. "मीच तिका उन्हात घातलंय."

सारिका बटण हळूहळू फिरवत राहिली. रेघा खाली सरकल्या, होडी दिसली, आणि काशीरामाचा आवाज खोलीभर घुमला. "बा देवा म्हाराजा, आज ही होडी तुझ्या पदरात घातलंव, तिका सांभाळ रे म्हाराजा!"

पडद्यावरची माणसं तोंड उघडण्याआधीच हिरा मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

तो आवाज आता कॉम्प्युटरमध्ये आहे, डीव्हीडीवर आहे, सुदेशच्या मोबाइलमध्येही आहे. मी हिराच्या कपाटात, तिच्या लुगड्यांच्या घडीत पडून असते. सुटले बाई! माझी फीत उद्या तुटली तरी काशीराम पुन्हा मरणार नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण एकटीनं कुणाला सांभाळत बसली असेल, तर तिलाही वेळेत मोकळी करा.